चुलीमागे एक माणूस

"दोनदा गेलीस ना? पुरे झालं. या वर्षी मी जाणार," असं म्हणून मलहानं परातीतला रवा इतक्या जोरात चोळला की त्यातला मूठभर चटईवर सांडला.

"मी कुठं नाही म्हणतेय, नन्ना? मी एवढंच म्हणतेय की मला ते काम माहीत आहे." थोरल्या जावेला घनिमा नन्ना, म्हणजे ताई, म्हणायची.

"काम! खड्डा खणायचा, बी टाकायचं, वरून माती ओढायची. मांजरसुद्धा करतं ते."

"मांजर उतारावर नाही करत," घनिमा म्हणाली.

कोपऱ्यात बसलेला मलहाचा नवरा मेझियान हसला, आणि तिनं मान वळवलेली बघून त्यानं हसण्याचं खोकल्यात रूपांतर केलं. पण उशीर झाला होता.

"तुम्हाला हसू येतंय? खरं तर या घरातून तुम्ही जायला हवं. घरातला पुरुष तुम्ही."

"माझे गुडघे..."

"कॉफीखान्याच्या पायऱ्या चढताना कुठं असतात तुमचे गुडघे?"

चुलीजवळच्या अंथरुणातून म्हाताऱ्या सासूनं, ताक्लितनं, डोकं वर काढलं. "कोण चाललंय? कुठं?"

"डोंगरावर, यम्मा," दोघी सुना एकदमच म्हणाल्या.

"डोंगर जळला."

"जळला म्हणूनच जायचंय, यम्मा," घनिमानं तिच्या खांद्यावर घोंगडी ओढली. मलहानं ती पुन्हा नीट केली. घनिमानं ओढलेली घोंगडी तिला कधीच नीट वाटत नसे.

डोंगर जळला त्याला तिसरं वर्ष होतं. आमच्या ताला उझरू गावाच्या वरचे सगळे ओक, अॅश, आणि पार माथ्याजवळचे देवदार दोन दिवसांत गेले. गावाच्या खालच्या अंगाला पिराच्या थडग्याभोवतीचे जुने ओक तेवढे वाचले. त्या हिवाळ्याआधी गावसभेनं ठरवलं की दर वर्षी जमीन ओली झाली की एक आठवडा तिविझी करायची. तिविझी म्हणजे सगळ्यांनी मिळून बिनमजुरीचं काम; आमच्याकडे ऑलिव्ह झोडायला, घराचं छप्पर घालायला, कबर खणायला, सगळ्याला तीच. आता डोंगरासाठी. शहरातून हौशी माणसंही येणार होती. वर मेंढपाळांच्या दगडी खोपट्यांत राहायचं आणि उतारावर बिया लावायच्या. खोपटी मोजकी, म्हणून नियम केला: चुलीमागे एक माणूस. ज्या चुलीचं माणूस येणार नाही, तिला दंड.

पहिल्या वर्षी सगळ्यांना तो नियमच दंडासारखा वाटला होता. अर्धे पुरुष फ्रान्सात, उरलेल्यांचे गुडघे दुखणारे. बायकांना जावं लागलं. तेव्हा मलहानंच घनिमाला पाठवलं. ती मोठी जाऊ, ठरवणारी तीच. मलहाच्या मुली लग्न होऊन गेल्यावर घरात हातपाय चालणाऱ्या बाया दोघीच उरल्या होत्या. घनिमाचा नवरा अक्ली मार्सेलला. उन्हाळ्यात येई तेव्हा पाहुण्यासारखा येई. मूलबाळ नाही. घनिमा फोनवर मोठ्यानं हसायची, भांडी घासताना गायची, आणि मलहाला ते बघवत नसे. जाऊ दे वर, जरा हाडं मोडू देत, असं तिनं मनात म्हटलं होतं आणि बाहेर म्हटलं होतं, "तू तरुण आहेस, तूच जा."

घनिमा आठवड्यानं परत आली ती हाडं न मोडताच. नाक उन्हानं सोललेलं, हात फुटलेले. त्या हातांना ऑलिव्हचं तेल लावून ती असं निरखत बसायची, जणू लग्नाची मेंदी लावलीये. मग तिचा फोन वाजायला लागला. अल्जियर्सचा कुणी दातांचा डॉक्टर, तिझी शहरातली कुणी शिक्षिका. "घनिमा, आपली झाडं कशी आहेत?" असं विचारायचे. आपली झाडं! दुसऱ्या वर्षी घनिमा गेली ती कुणी न सांगताच, पिशवी आधीच भरून. परत आली तेव्हा तिच्या पायात कुणी दिलेले रबरी बूट होते. पाणवठ्यावर बायका तिला जागा करून द्यायला लागल्या. लग्नात गेलं तर गावसभेचा मुख्य, दादा लुनिस, तिला थांबवून विचारायचा की वरची माती अजून वाहतेय का.

मलहा तीस वर्षं या घरात होती. तिला थांबवून लोक विचारायचे, "मेझियान घरी आहे का?"

गच्चीवरून तो उतार दिसायचा. नीट बघितलं तर रोपांपुढच्या दगडांच्या पांढुरक्या कमानीही दिसायच्या. घनिमा म्हातारीला उन्हात बसवायची आणि बोट करून दाखवायची, "ती बघ यम्मा, ती माझी रांग." म्हातारीला हाताच्या अंतरावरचं दिसत नव्हतं, पण ती मान डोलवायची. मग मलहा धुतलेल्या चादरी आणून नेमक्या त्याच बाजूला वाळत घालायची.

तर या वर्षी जाणार मलहा. मोठ्या जावेनं ठरवल्यावर धाकटी किती बोलणार?  दोन दिवस ती गायली नाही, आणि मलहाला घरात कसं छान शांत वाटलं.

निघायच्या सकाळी घनिमा गोठ्यातून एक मातीचा लहानसा रांजण दोन्ही हातांनी कवटाळून घेऊन आली. वर जाताना प्रत्येक चुलीनं आपापल्या बिया न्यायच्या असतात, पिराच्या ओकांखाली वेचलेल्या. घनिमानं रांजणातली ओली वाळू बाजूला सारून दाखवलं. आत बारक्या, काळपट बिया. काहींना पांढऱ्या शेपट्या फुटलेल्या.

"नन्ना, हे घेऊन जा. तुझ्या वाळल्यात."

मलहानं वाकून बघितलं. ओलसर, कुबट वास आला. तिच्या स्वतःच्या बिया चुलीवरच्या वेताच्या जाळीवर कशा राहिल्या होत्या! मोठ्या, तकतकीत, तांबूस. एकीलाही कीड नाही. ताक्लितनं शिकवलं तशाच तिनं त्या दर वर्षी धुरावर वाळवल्या होत्या. दुष्काळात या बियांच्या पिठावर हे घर जगलं होतं, आणि अजूनही मलहाच्या हातचं बियांच्या पिठाचं कुसकुस खायला नणंदा दूरवरून यायच्या.

"या कुजलेल्या मी नेऊ? चार लोकांत?"

"कुजलेल्या नाहीत. ऐक तरी..."

"तीस वर्षं ऐकतेच आहे मी या घरात सगळ्यांचं. तुझं तुझ्याकडं ठेव. माझं पोतं माझ्याकडं आहे."

घनिमा रांजण घेऊन तशीच उभी राहिली. हिला माझं हसं करायचंय, असं मलहाच्या मनात पक्कं बसलं. पिकअपमध्ये पोत्यावर हात ठेवून ती वर गेली.

वर पोचल्यावर पहिला प्रश्न आला, "घनिमा कुठाय?"

प्रश्न विचारला फरुजानं. तिझीची शिक्षिका ती हीच. उंच, चष्मेवाली, डोक्याला मफलर. आठवड्याचं सगळं काम तिच्या हाताखाली चालायचं. मलहा म्हणाली, "घनिमा घरी. या वर्षी मी." फरुजानं तिचे दोन्ही हात धरले, गालाला गाल लावले, पण मलहाच्या खांद्यावरून तिची नजर पिकअपमध्ये अजून कुणी आहे का ते बघून आली. मलहाला ते कळलं.

संध्याकाळपर्यंत तिला कळलं की इथं सगळंच घनिमाचं आहे. पाण्याकडे जायची वाट घनिमानं शोधलेली. खोपट्यातला बिनगळका कोपरा घनिमाचा. शेकोटीपाशी म्हटली गेली ती गाणी घनिमानं शिकवलेली, आणि त्यातल्या एका गाण्यात तर मलहाच्या माहेरच्या गावाचं नाव होतं! ते गाणं मलहानंच घरात आणलं होतं. पण हे म्हणणार कुणाला?

मग दातांचा डॉक्टर, स्लिमान, तिच्याजवळ येऊन बसला. गोल चेहऱ्याचा, सगळ्यांशी सलगीनं बोलणारा. "म्हणजे तुम्हीच नन्ना मलहा?" तो आनंदानं म्हणाला. "अंड्यांवाल्या!"

"कसल्या अंड्यांवाल्या?"

त्यानं कमरेवर हात ठेवला, मान तिरकी केली आणि नाकातून आवाज काढला, "काल सात होती, आज सहा कशी? कोंबडी फ्रान्सला गेली का?"

सगळे हसले. गावातल्या बायका जरा जास्तच हसल्या, कारण नक्कल हुबेहूब होती. मलहाही हसली. तोंडानं हसली. डोळे आगीकडे ठेवले. दोन वर्षं ही बाई इथं बसून मला विकत होती, असं तिच्या मनात आलं, आणि मी खाली तिच्या सासूचं अंग पुसत होते.

दुसऱ्या सकाळी बियांची परीक्षा झाली. फरुजानं मोठा प्लास्टिकचा टब झऱ्याच्या पाण्यानं भरला. सगळ्यात आधी मलहाचं पोतं उघडलं, कारण त्यातल्या बिया बघून शहरातली माणसं वाकून वाकून हात घालायला लागली होती. "काय बी आहे! केवढं हे!"

"आमच्या घरचं आहे," मलहा म्हणाली. वर आल्यापासून तिला पहिल्यांदा बरं वाटलं. "घनिमाचं बघितलं असेल तुम्ही. हे माझं."

फरुजानं पोतं टबात ओतलं. आणि सगळ्याच्या सगळ्या बिया वर आल्या. एकही बुडाली नाही. बदकांसारख्या टबभर डुलत राहिल्या.

 मलहानं हात घालून मूठभर बिया खाली दाबल्या, हात काढला, त्या पुन्हा वर आल्या.

आमच्याच गावची सादिया तिथं होती. ती मलहाच्या वयाची, जिभेला हाड नसलेली. "अगं मलहा," ती म्हणाली, "जाळीवर वाळवल्यास की काय?"

"मग? कुठं वाळवायच्या?"

"वाळवायच्याच नसतात गं! खायला वाळवतात. लावायची ती ओली ठेवायची. वाळली की आतला जीवच जातो. बुडेल ती जिवंत, तरंगेल ती मेली."

मलहाचा चेहरा बघून फरुजा घाईनं म्हणाली, "पहिल्या वर्षी सगळ्यांनी हेच केलं होतं, नन्ना. सगळ्या गावाची पोती तरंगली होती; मग पिराच्या ओकांखालून ताज्या वेचून आणाव्या लागल्या. घनिमाचंही तरंगलं होतं."

पहिल्या वर्षी घनिमाला पोतं दिलं होतं मलहानं. आपल्या जाळीवरचं, निवडून, तोंड शिवून. परत आल्यावर तिनं विचारलं होतं, "बी कसं होतं माझं?" आणि घनिमा म्हणाली होती, "छान होतं, नन्ना." दोन वर्षं तिनं ते एका शब्दानं सांगितलं नव्हतं. मलहानं त्या दोन शब्दांना उलटंपालटं करून बघितलं. दया म्हणून म्हणाली असेल? छे. इथं शेकोटीपाशी अंड्यांनंतर पोत्याचीही नक्कल झाली असेल.

"फेकू नका गं," सादिया म्हणाली. "एवढ्या चांगल्या बिया. दळून कुसकुस करू. मलहाच्या हातचं खाल्लंय का कुणी?"

आणि तसंच झालं. खालून जातं आणवलं. मलहानं सोललं, दळलं, पीठ रव्यात मिसळून तळव्यांनी चोळलं, वाफवलं, वरून तेल आणि सुके अंजीर घातले. शहरातल्या माणसांनी बोटं चाटली. डॉक्टर स्लिमान म्हणाला की असं आयुष्यात खाल्लं नाही. त्यानं तीनदा घेतलं. फरुजानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मनापासून म्हटलं, "नन्ना, तुम्ही स्वयंपाकाचंच बघाल का? आमची सगळ्यांची काळजी मिटेल."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्यावर माणूस काय बोलणार?

तर मलहा एवढ्या डोंगरावर आली आणि पुन्हा चुलीपुढे बसली. खालच्या चुलीचा धूर निदान वर तरी जात होता. इथल्या खोपट्यात धूर कोंडायचा. सकाळी सगळे कुदळी घेऊन निघायचे, आणि तिच्याभोवती कांदे, मसूर, आणि कुणाचेतरी ओले मोजे वाळत टाकलेले. वरच्या उतारावरून हसणं ऐकू यायचं. कशाला हसत असतील? तिनं कान देऊन ऐकलं तर त्यात दोनदा घनिमाचं नाव आलं.

दुपारी ती डोळे पुसायला बाहेर आली आणि समोरच घनिमाची रांग दिसली. खालून गच्चीवरून दिसायची तीच. चादर नव्हती मध्ये. ती चालत गेली. दगडांच्या कमानीआड वीतभर उंचीची रोपं होती, काटेरी गडद पानांची, शेळ्यांपासून वाचवायला वर काट्यांच्या फांद्या टाकलेल्या. ती एकेक बघत गेली. जगलेलं रोप दिसलं की तिचं तोंड आवळायचं. मेलेलं दिसलं की सुटायचं. रांगेच्या मध्यावर एक पार वाळलेलं होतं, काडी नुसती, पानं तपकिरी. "हे गेलं," ती मोठ्यानं म्हणाली, आणि काटे बाजूला करून तिनं ते उपटलं.

सहज निघालं नाही. ओढावं लागलं, आणि निघालं तेव्हा खाली काडीच्या तिप्पट लांब मूळ होतं. पांढरं, ओलं, टोकाला तुटलेलं. बुंध्याशी, मातीच्या आत, तांदळाच्या दाण्याएवढे दोन हिरवे कोंब होते.

मलहानं आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. तिनं हातांनीच माती उकरली, मूळ आत घातलं, दाबलं, दगड होते तसे लावले, काटे ओढले. बोटाला काटा लागला. खोपट्यात जाऊन तिनं कॉफीसाठी आणलेलं पाणी आणून ओतलं. ओतताना तिला घनिमाचाच राग येत होता. एवढं खोल मूळ जायला किती खोल खणलं असेल हिनं?

दुसऱ्या सकाळी तिनं पळी डॉक्टर स्लिमानच्या हातात दिली.

"हे काय, नन्ना?"

"मसूर भिजलेत. कांदा चिरा, परता, टाका. दात उपटता येतात ना? मग कांदा चिरता येईल."

"पण नन्ना, मला स्वयंपाक..."

"मलाही खणता येत नाही. मी शिकते, तुम्ही शिका."

फरुजा काही बोलायच्या आत मलहानं कुदळ उचलली होती. फरुजानंच तिला दाखवलं: खड्डा केवढा, बी आडवं कसं ठेवायचं, दगडांची कमान खालच्या बाजूला कशी लावायची म्हणजे वाहणारं पाणी तिथं थबकतं. "ही घनिमाची युक्ती," ती म्हणाली आणि तिनं जीभ चावली. एव्हाना दोघींमधलं काय ते सगळ्यांनाच कळलं होतं.

मलहानं नुसतं खणलं. वरची माती सैल, त्याखाली बोटभर राखेचा काळा थर, आणि त्याखाली लाल, ओली, जिवंत माती. प्रत्येक खड्ड्यात तेच. तिला ते आवडलं, आणि आवडलं याचा तिला राग आला. दोन वर्षं हे आपण स्वतःच्या तोंडानं दुसरीला देऊन टाकलं होतं. ती सगळ्यांपेक्षा हळू खणायची, पण खोल. तिच्या मागून येणाऱ्या सादियाला तिची कमान सरळ करावी लागली नाही.

पण तिचं पोतं मेल्यामुळे बिया कमी पडल्या. फरुजानं खाली फोन केला. तो कुणाला केला हे मलहाला विचारावं लागलं नाही. दुपारनंतर पिकअप वर आली आणि तिच्यातून रांजण घेऊन घनिमा उतरली.

काय ते स्वागत! डॉक्टर पळी घेऊनच धावला. मुली तिच्या गळ्यात पडल्या. रांजण टबात रिकामा केला आणि बिया दगडांसारख्या तळाला गेल्या, तेव्हा लोकांनी आरडाओरडा केला. मलहा उतारावर होती. तिनं कुदळ खाली ठेवली नाही.

घनिमा शेवटी तिच्याजवळ आली. तिनं वाकून खड्ड्यात बघितलं.

"खोल खणतेस, नन्ना."

"मांजराकडून शिकले."

घनिमा हसली. मलहा हसली नाही. "अंडी मोजते का मी?"

घनिमाचं हसू गेलं. "कुणी सांगितलं?"

"मोजते का?"

"मोजतेस की."

"बरं. मोजते. आणि नाकातून बोलते?"

"थोडंसं."

मलहानं एक दगड उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलून फिरवून ठेवला. "लाज नाही वाटली? परक्यांपुढे घरच्या बाईची नक्कल करायला?"

"इथं सगळे आपापल्या माणसांचं बोलतात, नन्ना. कुणाची पोरं, कुणाचा नवरा. माझ्याकडं कोण होतं सांगायला? अक्लीचं काय सांगू? तो काय जेवतो तेही मला माहीत नाही. मला सांगण्यासारखी तूच होतीस."

मलहानं दुसरंच काढलं. "आणि पहिल्या वर्षीचं पोतं तरंगलं ते? ते का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर दुसऱ्या वर्षी पाठवलं असतंस मला?"

मलहानं विचार केला. "नसतं."

"मग!"

हे उत्तर मलहाला पटलं. दयेपेक्षा बरं होतं. घनिमा तिच्याशेजारी उकिडवी बसली आणि कमानीतला एक दगड सवयीनं हलवायला गेली. मलहानं तिच्या हातावर चापट मारली.

"घरी काय?"

"घरी काय असणार? यम्मा मला मलहाच म्हणते. मलहा, पाणी दे. मलहा, ती घनिमा कुठं उलथली? काल जेवलीच नाही. म्हणते, हे मलहाच्या हातचं नाही, मला फसवू नका. दिवसभर मी तुझ्या नावानं ओ देतेय, आणि तरी माझ्या हातचा घास उतरत नाही तिच्या." घनिमाचा आवाज चिरकला. "वीस वर्षं मीही त्याच घरात आहे ना, नन्ना?"

मलहाला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं, आणि ते तिनं लपवलंही नाही. "तिला भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागते," ती म्हणाली. "आणि मीठ आधी घालायचं. मागाहून घातलं तर तिला कळतं."

तेवढ्यात फरुजा आली. मागे दोघीचौघी. फरुजानं फार गोड शब्दांत सुरुवात केली. नन्ना दमल्या असतील. घरी म्हाताऱ्या आजी आहेत. पिकअप परत जाणारच आहे. हवं तर उरलेले दिवस घनिमा थांबेल, नन्ना खाली जाऊन आराम करतील. "चुलीमागे एकच माणूस, म्हणून विचारते. नाहीतर आम्हाला तुम्ही दोघीही हव्याच होता."

सगळ्या मलहाकडे बघत होत्या. घनिमा मात्र तिच्याकडे बघत नव्हती. ती आपल्या रांगेकडे बघत होती, हात मांडीवर, मान जराशी पुढे. रांजण पायाशी रिकामा. मलहाला ते बघणं ओळखीचं वाटलं. गच्चीवर चादरीची कड हळूच बाजूला करून ती स्वतः असंच बघायची.

"मी आठवड्यासाठी आलेय," मलहा म्हणाली. "आठवडा करून जाणार."

 घनिमा उठली, तिनं कपडे झटकले, रिकामा रांजण घेतला आणि पिकअपच्या मागच्या बाजूला जाऊन बसली. रांजण मांडीवर धरून. गाडी वळणाआड गेली तरी तिनं मागं वळून बघितलं नाही. मलहानं त्या दिवशी अंधार पडेपर्यंत खणलं, आणि जेवताना डॉक्टरच्या मसुरात मीठ नाही हे तिनं बोलून दाखवलं नाही, हे सादियाला फार विचित्र वाटलं.

शेवटच्या दिवशी गावसभेचे लोक वर आले. रीतीप्रमाणे बैल कापून मांसाचे वाटे पडायचे होते, चुलीमागे एक वाटा. दादा लुनिस काठीला टेकून वाटे मोजत उभा होता. मलहा त्याच्याजवळ गेली.

"दादा लुनिस, एक विचारू? चूल कशाला म्हणायचं? छपराला की विस्तवाला?"

"विस्तवाला. ज्याची भाकरी वेगळी भाजते त्याची चूल वेगळी. का गं?"

"एका छपराखाली दोन विस्तव असले तर?"

"तर दोन चुली. दोन वाटे, दोन दंड, तिविझीला दोन माणसं." म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. "मलहा, ताक्लित जिवंत आहे अजून. सासू जिवंत असताना चूल फोडली तर गाव काय म्हणेल?"

"गाव जे म्हणायचं ते म्हणेल."

"भांडलात काय दोघी?"

"आमचं रोजचंच आहे ते."

"मग आत्ताच काय झालं?"

मलहानं वर उताराकडे बघितलं. "तुम्ही दोन लिहून घ्या," ती म्हणाली.

ती घरी पोचली तेव्हा घनिमानं पाणी तापवून ठेवलं होतं.  मलहानं हातपाय धुतले, म्हातारीला स्वतःच्या हातानं भरवलं. म्हातारी पोटभर जेवली आणि म्हणाली, "ही खरी मलहा." घनिमा भांडी जरा आपटत होती.

मग सगळे जेवायला बसले. मेझियाननं मांसाचा तुकडा उचलला आणि विचारलं, "मग? कसं काय होतं वर?"

मलहानं हातातली भाकरी खाली ठेवली.

"उद्यापासून घनिमाची चूल वेगळी," ती म्हणाली. "मागची खोली तिची. तिथं धूर जायला भिंतीत भोक पाडायचंय, ते तुम्ही उद्या पाडा. यम्मा माझ्याकडं. भांड्यांची वाटणी मी करीन."

मेझियानचा घास हातातच राहिला. "अगं, यम्मा जिवंत... आणि अक्लीला न विचारता?"

"अक्लीला कळवा." तिनं घनिमाकडे बघितलं नाही. घनिमा पांढरीफटक पडली होती. "दादा लुनिसला मी सांगून आलेय. पुढच्या वर्षी या घरातून दोन चुलींची दोन माणसं वर जातील. त्या आठवड्यात यम्माला तुम्ही भरवायचं. भाकरी दुधात कुस्करायची, मीठ आधी."

 मलहानं भाकरी पुन्हा उचलली.

"आणि माझी रांग हिच्या रांगेच्या वर असेल," ती म्हणाली. "ते ठरलंय."